तुंबलेली मोरी, तुंबलेला संडास : घरी काय करायचं, काय मुळीच करायचं नाही



मागच्या पावसाळ्यात एका वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर आरोग्याची बैठक घेतली. विषय मी ठरवून नेला होता : बीपी आणि शुगर. पण बायकांनी तो बाजूलाच ठेवला. एक ताई म्हणाली, "सिस्टर, बीपीचं मागून बघू. आमची मोरी चार दिवसांपासून तुंबलीय. संडासात पाणी टाकलं की वर येतंय. लेकराला हगवण लागलीय. त्याचं काय ते सांगा." दुसरी म्हणाली, "आमच्या गल्लीत घरटी पन्नास रुपये काढलेत. एक पोरगा चेंबरात उतरायला तयार झालाय."

बीपीचं यंत्र त्या दिवशी पिशवीतच राहिलं.

मी म्हणाले, मोरी आणि संडास आपला आपण कसा मोकळा करायचा ते आज शिकू. तेवढ्यात मागे बसलेले एक आजोबा उठले. म्हणाले, "बाई, मेलेली ढोरं ओढायचं आमच्या बापजाद्यांनी सोडलं. बाबासाहेबांनी सोडायला लावलं. अन् तुम्ही शिकल्यासवरल्या बाया पुन्हा आमच्या हातात घाण देता?"

सभा गप्प झाली. आजोबांचा प्रश्न खरा होता आणि त्याला खरं उत्तर द्यायलाच हवं होतं. मी दिलेलं उत्तर थोडक्यात असं : जातीने दुसऱ्याची घाण डोक्यावर, हातावर घ्यायला लावणं वेगळं आणि आपल्या घरातली आपली घाण आपण साफ करणं वेगळं. पहिली गुलामी आहे, दुसरी शिस्त. आपण स्वतःच्या संडासाला हात लावत नाही, तेव्हा तो लावायला कुणातरी गरिबाला बोलावतो. तो बहुतेक वेळा मेहतर, वाल्मीकी, मातंग नाहीतर आपल्याच वस्तीतला बेकार पोरगा असतो. म्हणजे जी गुलामी आपण टाकली, ती पन्नास रुपयांत दुसऱ्याच्या गळ्यात घालतो.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खूंसाठी संडासाचेही नियम आहेत. संडास घाण दिसला तर तो धुवावा, पाण्याचं भांडं रिकामं असेल तर भरून ठेवावं, असं त्यात सांगितलंय. आधी ज्येष्ठ भिक्खू, मग नवे अशी रीत पडली होती. नवे भिक्खू ताटकळत उभे राहायचे, कळ धरून चक्कर येऊन पडायचे. तेव्हा भगवंतांनी सांगितलं की ज्येष्ठतेने नको, जो आधी आला तो आधी जाईल. समतेचा नियम संडासाच्या दारापर्यंत नेणारा धम्म आपला आहे. आजोबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग सांगा. पण पोराला चेंबरात उतरवायचं नाही, हेही सांगा." दोन्ही सांगते.

तुंबलेलं पाणी म्हणजे आजार

संडासाचं पाणी घरात किंवा गल्लीत साचलं की हगवण, विषमज्वर, कावीळ, जंत या गोष्टी मागोमाग येतात. आपल्या शहरात याला आणखी एक कारण जोडलं जातं. जायकवाडीचं पाणी आपल्याकडे रोज येत नाही, काही भागांत आठ-आठ दिवस वाट बघावी लागते. मधल्या दिवसांत नळाची लाईन रिकामी असते. त्या लाईनला कुठे तडा असेल आणि शेजारी गटार तुंबलेलं असेल, तर घाण पाणी आत ओढलं जातं. नळ सुटला की पहिल्या धारेत तीच घाण आपल्या हंड्यात येते. म्हणून पहिलं गढूळ किंवा वास मारणारं पाणी प्यायला भरू नका. नळाजवळ गटार तुंबलं असेल तर पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

घरात गरोदर बाई असेल तर दुप्पट काळजी घ्या. घाण पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. तुंबलेल्या गटारात क्युलेक्स डासही वाढतात. हत्तीपाय पसरवणारा डास हाच. डेंग्यूचा डास मात्र आपण भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये वाढतो. तेव्हा गटार वाहतं ठेवा आणि ड्रम झाकून ठेवा, दोन्ही हवं.

आधी शोधा, तुंबलंय कुठे

संडासाच्या भांड्याखाली वळलेला पाईप असतो, त्याला ट्रॅप म्हणतात. त्या वळणात नेहमी थोडं पाणी उभं राहतं. गटारातला वास, गॅस आणि झुरळं त्या पाण्यामुळे घरात येत नाहीत. मोरीतही असाच ट्रॅप असतो. दुकानदार त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. घर पंधरा दिवस बंद राहिलं की हे पाणी सुकतं आणि घरभर वास येतो. तेव्हा काही तुंबलेलं नसतं. दोन मग पाणी टाकलं की वास थांबतो.

ट्रॅपच्या पुढे पाईप, मग दाराबाहेरचा छोटा चेंबर, मग गल्लीतली मोठी लाईन किंवा सेप्टिक टँक. तुंबण्याची जागा अशी ओळखा :

• फक्त मोरी तुंबली, संडास नीट जातोय : अडथळा मोरीच्या जाळीत किंवा ट्रॅपमध्ये आहे. हे तुम्ही करू शकता.
• फक्त संडास तुंबला, मोरी नीट जातेय : अडथळा भांड्याच्या वळणात आहे. हेही बहुधा तुम्ही करू शकता.
• संडासात पाणी टाकलं की मोरीतून वर येतंय : अडथळा दोघांच्या पुढे, दाराबाहेरच्या पाईपात आहे. छोटा चेंबर वरून बघा.
• शेजारच्या दोन-तीन घरांतही तीच तक्रार : गल्लीची लाईन तुंबलीय. घरात कितीही पंप मारला तरी उपयोग नाही. ते काम महापालिकेच्या गाडीचं आहे.
• सगळं हळूहळू जातंय, घरामागे ओल आहे, टाकीजवळ वास येतोय : सेप्टिक टँक भरलाय. तो उपसणाऱ्या गाडीनेच रिकामा करायचा.

एवढं ओळखता आलं की अर्धं काम झालं. बरेच लोक गल्लीची लाईन तुंबलेली असताना घरात अॅसिडच्या बाटल्या ओतत बसतात. पैसे जातात, फरशी जाते, पाणी तिथेच राहतं.

घरात काय असावं

रबरी हातमोजे. ते नसतील तर हातावर एकावर एक दोन प्लास्टिकच्या पिशव्या, मनगटाला सैल बांधून. लाकडी दांड्याचा रबरी पंप, हार्डवेअरच्या दुकानात 'चोकअपचा पंप' म्हटलं की देतात. टोक वाकवलेली जाड तार. एक जुनी बादली आणि एक जुना मग, या कामासाठीच वेगळे ठेवलेले. धुण्याचा सोडा आणि कपड्याची पावडर. चष्मा असेल तर घाला, शिंतोडे डोळ्यात जात नाहीत. हाताला चीर किंवा जखम असेल तर त्या दिवशी हे काम घरातल्या दुसऱ्याने करावं. कामाआधी दार-खिडकी उघडा आणि लेकरांना बाहेर पाठवा.

मोरी तुंबली तर

१. जाळी उचला. वर अडकलेले केस, साबणाचे तुकडे, भाताची शितं मोजे घालून काढा आणि कचऱ्यात टाका. पुन्हा मोरीत ढकलू नका.

२. नहाणी ट्रॅपमध्ये वाटीसारखा भाग असतो. बऱ्याच ट्रॅपमध्ये तो उचलून निघतो. तो काढून घासा. मोरी तुंबण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं : केसांचा गुंता आणि त्याला चिकटलेला साबण.

३. तार आत घालून फिरवा आणि ओढा. केस ढकलायचे नसतात, ओढून काढायचे असतात.

४. चिकट तेलकट थर असेल तर अर्धी वाटी धुण्याचा सोडा टाका, वरून अर्धी बादली कडक गरम पाणी हळूहळू ओता. उकळतं पाणी नको. आपले पाईप प्लास्टिकचे असतात, उकळत्या पाण्याने ते मऊ पडतात आणि सांधे सुटतात. वीस मिनिटं थांबा, मग पुन्हा पाणी टाका. खाण्याचा सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर यांचा फेस दिसायला छान दिसतो, पण घट्ट अडथळ्यावर त्याचा जोर चालत नाही. तेलावर चालतो तो धुण्याचा सोडा.

५. तरीही जात नसेल तर पंप. तोंडावर पंपाचं रबर पूर्ण बसेल आणि बुडेल इतकं पाणी मोरीत असू द्या. शेजारी बेसिनचं किंवा दुसरं तोंड त्याच पाईपला असेल तर ते ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो. पंप सरळ धरा, पंधरा-वीस वेळा लागोपाठ खालीवर करा आणि शेवटी झटक्याने ओढा. पाणी घुळघुळ करत गेलं की एक बादली पाणी टाकून बघा. दोन-तीन वेळा करावं लागतं, धीर सोडू नका.

वस्तीत एक गोष्ट मी वारंवार बघते. भांडी राखेने किंवा मातीने घासतात आणि ती राख तशीच मोरीत जाते. राख आणि वाळू पाईपाच्या तळाशी बसतात, सोड्यानेही विरघळत नाहीत. राखेने घासायचंच असेल तर पहिलं खरकटं पाणी घमेल्यात धरा आणि बाहेर मातीत टाका.

संडास तुंबला तर

पहिला नियम : पुन्हा पुन्हा पाणी टाकू नका. भांडं काठोकाठ भरून घाण घरात येते. अर्धा तास थांबा. बऱ्याचदा पाणी आपोआप थोडं उतरतं. नाही उतरलं तर मोजे घालून जुन्या मगाने वरचं पाणी बादलीत काढून ठेवा. ते गटारात किंवा अंगणात फेकू नका. संडास मोकळा झाला की त्यातच परत ओता.

आता मुठीभर कपड्याची पावडर टाका आणि अर्धी बादली गरम पाणी सोडा. इथेही उकळतं नको. वीस मिनिटं थांबा. मऊ घाण किंवा कागद अडकला असेल तर तो एवढ्यानेच सुटतो. मग अर्धी बादली पाणी कमरेच्या उंचीवरून एका दमात ओता. मगाने थोडंथोडं टाकून उपयोग नाही, एकदम पडलेल्या पाण्याचाच रेटा बसतो.

नाही गेलं तर पंप, मोरीसारखाच. देशी भांड्यात पंप नीट बसत नसेल तर जाड काठीच्या टोकाला चिंध्यांचा घट्ट गोळा बांधा, वरून प्लास्टिकची पिशवी घालून दोरीने आवळा. हा गोळा भांड्याच्या तोंडाशी जोराने आत-बाहेर करा. गोळा काठीला घट्ट बांधलाय ना, ते आधी दोनदा ओढून बघा. नाहीतर तोच आत राहायचा.

आत मग, खेळणं, साबणाची डबी, फडकं असं काही पडलं असेल तर ढकलू नका. ढकललेली वस्तू वळणाच्या पुढे जाऊन अशी बसते की फरशी फोडावी लागते. तारेचं टोक वाकवा, त्यावर चिंधी गुंडाळा म्हणजे भांड्याला चरे पडणार नाहीत, आणि वस्तू ओढून घ्या. लोखंडी सळई कधीच घालू नका. सळईने ट्रॅप फुटतो. वरून काही दिसत नाही, पण घाण पाणी जमिनीत झिरपत राहतं आणि शेजारून गेलेल्या नळाच्या लाईनपर्यंत पोहोचतं.

या सगळ्याला दोन तास द्या. दोनदा करूनही पाणी जात नसेल तर थांबा. प्लंबरला बोलवा, त्याच्याकडे लांब स्प्रिंग असते. पैसे देऊन, नीट बोलून काम करून घ्या. मदत घेणं वाईट नाही. माणसाला गटारात उतरवणं वाईट आहे.

अॅसिड : मी वॉर्डात बघितलेली गोष्ट

मी स्टाफ नर्स असतानाची गोष्ट. रात्रपाळीला एक पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई आली. चौदा एप्रिलला माहेरचे येणार म्हणून तिने संडास घासायला घेतला होता. आधी अॅसिड ओतलं. डाग जाईना म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली. दार लावलेलं होतं. हिरवट-पिवळा धूर निघाला, घसा आवळला, ती तिथेच बसली. जाऊबाईने दार ढकललं म्हणून वाचली. पण पुढे कितीतरी दिवस जिना चढताना तिला धाप लागायची.

अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. चार बाय चारच्या संडासात तो फुप्फुसं जाळायला पुरेसा आहे. म्हणून हे पाठ करा :

• अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र नाही. आधी एक, मग दुसरं, असंही नाही.
• अॅसिड आणि कॉस्टिक सोडा एकत्र नाही. दोन्ही मिळाले की उष्णता होऊन उकळतं पाणी तोंडावर उडतं.
• चोकअप काढायची कॉस्टिकची पुडी टाकलेल्या मोरीत पंप मारू नका. तेच पाणी डोळ्यात उडतं.
• अॅसिड, फिनाईल, कॉस्टिक कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. लेकरं पाणी समजून पितात.

खरं सांगायचं तर तुंबलेल्या संडासाला अॅसिड लागतच नाही. ते केसांचा गुंता सोडवत नाही, प्लास्टिकची पिशवी विरघळवत नाही. सिमेंटचे सांधे मात्र खातं. सेप्टिक टँक असेल तर त्यात मैला पचवणारे जीवाणूही मारतं, मग टँक लवकर भरतो.

अंगावर अॅसिड किंवा कॉस्टिक उडालं तर कपडा लगेच काढा आणि वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, तेल काही लावू नका. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून वीस मिनिटं स्वच्छ पाणी सोडा आणि लगेच घाटीत किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. कुणी प्यायलं तर उलटी करवू नका, वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. धूर छातीत गेला तर आधी मोकळ्या हवेत, मग दवाखान्यात. आता बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका, धाप काही तासांनीही वाढू शकते.

चेंबर आणि सेप्टिक टँक : इथे थांबायचं

दाराबाहेरच्या फूट-दीड फूट खोल चेंबरचं झाकण उघडून, बाहेर उभं राहून, लांब बांबूच्या कामटीने अडथळा मोकळा करता येतो. झाकण उघडून थोडा वेळ लांब थांबा, तोंड आत घालू नका, विडी-काडी पेटवू नका. माणूस आत उतरू शकेल एवढा चेंबर असेल किंवा सेप्टिक टँक असेल तर मात्र त्याला हात लावायचा नाही.

मैला सडतो तेव्हा हायड्रोजन सल्फाईड वायू तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की तो आधी आपलं नाकच बधिर करतो. वास थांबतो आणि माणसाला वाटतं, गॅस गेला. तो उतरतो आणि दोन-चार श्वासांत बेशुद्ध पडतो. सोबत मिथेन असतो, तो ठिणगीने पेटतो. आत प्राणवायूही कमी असतो. तोंडाला बांधलेला रुमाल, पोटात गेलेली दारू, साधा मास्क यातलं काहीही हा वायू अडवत नाही.

लांब जायला नको. ११ मे २०२३ ला आपल्या मराठवाड्यातच, परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे, शेतावरच्या घराचा सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गेले. अशा घटना वर्तमानपत्रात वाचा. बहुतेक ठिकाणी क्रम तोच असतो : एक उतरतो, पडतो. त्याला काढायला दुसरा जातो, भाऊ असतो नाहीतर बाप. मग तिसरा. माणुसकीने उतरलेलेच जास्त मरतात.

म्हणून कुणी आत पडलं तर, कितीही जवळचा असो, मागोमाग उतरू नका. आरडाओरड करा. १०१ वर अग्निशमन दलाला आणि १०८ वर ॲम्ब्युलन्सला फोन करा. सगळी झाकणं उघडा. तो शुद्धीवर असेल तर वरून दोर सोडा. बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत झोपवा, गर्दी हटवा. श्वास चालत नसेल आणि येत असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा आणि दवाखाना गाठा.

कायदा काय म्हणतो तेही बघा. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये तो अधिक कडक झाला. संरक्षणाच्या साधनांशिवाय कुणाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. हा कायदा फक्त महापालिकेला किंवा ठेकेदाराला नाही. घरटी पन्नास रुपये काढून पोराला उतरवणाऱ्या गल्लीलाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितलं, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम तीस लाख केली. कायमचं अपंगत्व आलं तर किमान वीस लाख. आपल्या ओळखीत असं घर असेल तर त्यांना हे सांगा. हे उपकार नाहीत, हक्क आहे.

मग गल्लीची लाईन तुंबली तर करायचं काय? तोंडी तक्रार हवेत जाते. वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज द्या, पंधरा-वीस घरांच्या सह्या घ्या, पोच घ्या, तारीख टाका. 'जेटिंग मशीनने किंवा सक्शन गाडीने साफ करावं, माणूस उतरवू नये' असं अर्जात स्पष्ट लिहा. गटार आणि सेप्टिक टँकच्या तक्रारीसाठी १४४२० हा क्रमांकही ठरवलेला आहे. सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून उपसायचा असतो, तुंबायची वाट बघायची नसते. चार-पाच घरांनी मिळून गाडी बोलावली तर खर्च वाटला जातो.

त्या विहारातल्या बैठकीनंतर गल्लीने जमवलेले पैसे त्या पोराला दिले नाहीत. अर्ज गेला. लगेच कुणी आलं नाही, बायका तीन वेळा जाऊन बसल्या, मग गाडी आली. त्या पोराची आई आता दर बैठकीला सगळ्यात आधी येऊन सतरंजी टाकते.

काम झाल्यावर

आधी साबणाच्या पाण्याने फरशी, भांडं, मग, पंप धुवा. मग दहा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे ब्लीचिंग पावडर कालवून फरशीवर टाका, दहा मिनिटांनी धुवा. त्या दिवशी तिथे अॅसिड वापरलेलं असेल तर ही पावडर अजिबात नाही. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, नखं घासा, अंघोळ करा. काम करताना हात कापला असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आरोग्य केंद्रात जा. घरात हगवण सुरू झालीच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून घोटघोट पाजत राहा. लेकरू सुस्त पडलं, लघवी थांबली, डोळे खोल गेले तर वेळ घालवू नका.

पुन्हा तुंबू नये म्हणून

१. मोरीवर बारीक जाळी बसवा आणि रोज रात्री ती साफ करा. केस विंचरल्यावर गुंता कचऱ्यात टाका.

२. चहाचा चोथा, खरकटं, तळणीचं तेल मोरीत नाही. तेलकट कढई आधी कागदाने पुसा.

३. सॅनिटरी पॅड, डायपर, गुटख्याच्या पुड्या, कापूस संडासात नाही. पॅड संडासात पाण्याने फुगतं आणि वळणात बसतं. कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळं द्या. पोरींना हे सांगताना लाजू नका. घरात पॅड टाकायला झाकणाची बादली नसेल तर पोरगी तरी काय करणार? आधी बादली आणा.

४. पाणी कमी म्हणून आपण संडासात दोन मग टाकून निघतो. शोषखड्ड्याच्या लहान भांड्याला ते पुरतं, पण लांबच्या ड्रेनेज लाईनला जोडलेल्या संडासात मैला अर्ध्या वाटेत थांबतो आणि वाळतो. पिण्याचं पाणी वाया घालवायचं नाही. कपडे खंगाळलेलं, भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत साठवा आणि संडासात एका दमात ओता.

५. नवीन संडास बांधताना गवंड्याजवळ उभे राहा. चार इंची पाईपाला दहा फुटांमागे तीन इंच उतार हवा. काटकोनात वळण नको. सेप्टिक टँकच्या उभ्या पाईपाला वर जाळी बांधा, डास आत जात नाहीत.

शेवटचं, घरातल्यांशी

संडास साफ करायचा म्हटलं की घरातली सगळ्यात धाकटी सून उठते. तिच्यानंतर लेक. बाप आणि पोरगे पंचशील म्हणून होईपर्यंत काम झालेलं असतं. आपण बाहेरची जात नाकारली आणि घरात बाईची एक जात करून ठेवली, तर काय मिळवलं? पाण्याला स्पर्श करण्याच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांसोबत बाप्येही होते, बायाही होत्या. घरातल्या या कामाची पाळी लावा. या रविवारी बाबा, पुढच्या रविवारी दादा, मग ताई. चुल्लवग्गातला नियम ज्येष्ठांनाही लागू होता.

परवा ते आजोबा भेटले. म्हणाले, "सिस्टर, पंप आणलाय. नातवाला दाखवला कसा मारायचा." मी विचारलं, "आणि तुम्ही?" हसले. म्हणाले, "पहिला मीच मारला. त्याशिवाय तो शिकतोय व्हय?"

जयभीम. नमो बुद्धाय.